सत्ता आणि सृष्टिक्रम : ख्रिस्तपुराणाच्या वाचनांतील एक प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लेखन झालें आहे, तें बहुतांशीं भाषेच्या अंगानें झालें आहे. ओवीची घडण, कोंकणी वळणाचे शब्द, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या रचनेशीं दिसणारें साम्य, रोमन लिपींतील लेखनपद्धति यांची चर्चा झाली व ती योग्यच झाली. सिद्धान्ताचा भाग मात्र धर्मशास्त्र्यांवर सोपवून हस्तलिखितांचा अभ्यासक पुढें जातो. प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, हा भाग सोडून दिल्यास पाठनिर्णयही नीट होत नाहीं. उदाहरणादाखल एकच सिद्धान्त घेतला आहे : ईश्वराची सर्वसत्ता व सृष्टीचे नियम यांच्या संबंधाची कॅथलिक शिकवण. हा विचार अहमदनगर जिल्ह्यांत (२०२४ पासून शासकीय नांव अहिल्यानगर) बसून करावा, यालाही कारण आहे. तें पुढें येईल.

प्रथम ग्रंथाची हकीकत थोडक्यांत सांगतों. स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. १५७५ सालीं रोम येथें येशूसंघांत दाखल होऊन ते १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास पोहोंचले व पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ त मृत्यु येईपर्यंत, त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. त्यांचें पुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां छापलें. या तिन्ही छापांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधारानें. पहिलें पुराण ३६ अवस्वरूंचें व दुसरें ५९ अवस्वरूंचें असून मंगळूर येथें १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं अनेक हस्तलिखितें ताडून काढलेल्या रोमन आवृत्तींत एकंदर १०,९६२ ओव्या आहेत. पुढें लंडनच्या प्राच्यविद्याशाळेंतील मार्सडेन-संग्रहांत देवनागरी प्रत असल्याचें डॉ. जस्टिन ॲबट यांनीं प्रसिद्ध केलें आणि तीच मूळ संहिता होय असें मत मांडलें. पुणें येथून १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं देवनागरी आवृत्ति काढली.

रोमन व मार्सडेन या दोन परंपरांतील ठळक भेद अभ्यासकांस ठाऊक आहे. रोमन प्रतींत धर्मविषयक अनेक शब्द पोर्तुगीज अथवा लॅटिन राहिले आहेत; देवनागरी प्रतींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द आले आहेत. ॲबट यांना संस्कृत शब्द मूळचे वाटले. उलट पक्षीं ते मागाहून केलेल्या शुद्धीकरणाचे मानतां येतात. हा वाद केवळ कालानुक्रमाचा नव्हे. परकी शब्द तसाच ठेवला तर सिद्धान्ताला धक्का लागत नाहीं, पण श्रोत्यास तो कळतही नाहीं. संस्कृत शब्द घातला तर श्रोत्यास लगेच कळतो, परंतु शतकानुशतकें त्या शब्दास चिकटलेला दुसराच अर्थ त्याबरोबर येतो. दोन परंपरा म्हणजे एकाच अडचणीचीं दोन उत्तरें आहेत. ही अडचण सर्वांत तीव्रपणें जाणवते ती ईश्वरी सत्तेविषयीं मराठींत लिहितांना.

‘सत्ता’ या शब्दाचे मराठींत दोन अर्थ आहेत. एक अंमल, अधिकार, हुकमत. पेशव्यांची सत्ता, इंग्रजांची सत्ता असें आपण म्हणतों तो. दुसरा असणें, अस्तित्व; वेदान्तांत पारमार्थिक सत्ता व व्यावहारिक सत्ता असा भेद करतात तो. ईश्वराच्या सत्तेनें जग चालतें या एका वाक्याचे त्यामुळें दोन अर्थ होतात. ईश्वर आहे म्हणून जग चालतें, हा एक. ईश्वर चालवितो म्हणून जग चालतें, हा दुसरा. मराठी कानाला हे दोन्ही अर्थ एकदम ऐकूं येतात, आणि कोणता घ्यावयाचा हें वाचणाराच्या संस्कारावर अवलंबून राहतें.

पहिल्या अर्थाचें सर्वोत्कृष्ट विवरण याच जिल्ह्यांत झालें आहे. प्रवरातीरीं नेवासें येथें शके १२१२ त, म्हणजे इ. स. १२९० त, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या नवव्या अध्यायांत, ईश्वराच्या अध्यक्षतेखालीं प्रकृति चराचर प्रसवते या गीतावचनाच्या आसपास, दोन दृष्टान्त येतात. नगर राजानें वसविलें असें म्हणणें खरें; पण त्यासाठीं राजाचे हात दमले काय, हा पहिला. घरांत ठेविलेला दिवा कोणास कामाला लावीत नाहीं, कोणास अडवीत नाहीं, आणि कोण कोणत्या उद्योगांत आहे हेंही त्यास ठाऊक नसतें, हा दुसरा. सृष्टीचा सर्व व्यवहार प्रकृतीचा. ईश्वराचें तेथें केवळ असणें. येथें सृष्टिक्रमास धक्का लावणारी इच्छा नाहीं, तसा उणेपणाही नाहीं. सत्ता म्हणजे सान्निध्य.

कॅथलिक शिकवण या दृष्टान्तांच्या निम्म्या वाटेपर्यंत बरोबर येते. हात दमले नाहींत हें तीस पूर्ण मान्य आहे. ज्ञानेश्वरांचा जन्म परंपरेनें शके ११९७ चा, म्हणजे इ. स. १२७५ चा मानतात. त्याच्या आदल्या वर्षीं, १२७४ त, इटलींत संत थॉमस अक्वायनस वारले. या शिकवणीची घट्ट मांडणी त्यांची. त्यांच्यापुढें दोन टोकांचीं मतें होतीं. इस्लामी कलामशास्त्रांतील अश्अरी पक्ष असें मानी कीं, अग्नि कापूस जाळीतच नाहीं. अग्नीचा स्पर्श झाला कीं दाह ईश्वर स्वतः उत्पन्न करतो. दुसरीकडे, अरिस्टॉटलच्या कांहीं भाष्यकारांच्या मतांतून सृष्टीचा क्रम इतका अटळ ठरत होता कीं ईश्वरालाही त्यांत इच्छा उरूं नये. थॉमस यांनीं दोन्ही नाकारलीं. अग्नि खरोखरच जाळतो, कारण जाळण्याची शक्ति त्यास खरोखरच दिलेली आहे. निर्मित वस्तूंचें सामर्थ्य हिरावून घेणें म्हणजे निर्मात्याचाच कमीपणा सांगणें होय. परंतु ती शक्ति क्षणोक्षणीं ईश्वराकडून टिकते व ईश्वराकडूनच कार्यास लागते. एकाच कार्याचा अर्धा भाग ईश्वराचा व अर्धा निसर्गाचा अशी वांटणी येथें नाहीं. संपूर्ण कार्य ईश्वराचें आणि संपूर्ण कार्य निसर्गाचें, मात्र निरनिराळ्या पायरीवरून.

आपल्या वाचकांस हें पोथीच्या उदाहरणानें लगेच पटेल. पोथींतील अक्षर बोरूनें काढलें कीं लेखकानें? वळणांतील जाडबारीकपणा बोरूच्या कापाचा, अर्थाची योजना लेखकाची. तरी अक्षराचा अमुक तुकडा बोरूचा व अमुक लेखकाचा असें कोणी दाखवूं शकत नाहीं. सारें अक्षर बोरूचें आहे आणि सारें अक्षर लेखकाचें आहे. फरक इतकाच कीं, लेखकानें बोरू स्वतः निर्माण केलेला नसतो. ईश्वराच्या बाबतींत बोरूचें असणेंही त्याच्याकडूनच असतें.

ही केवळ पंडितांची चर्चा राहिली नाहीं. १५६६ सालीं रोमहून प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथांत पहिल्याच श्रद्धाकलमाखालीं असें शिकविलें आहे कीं, ईश्वर सर्वांचें रक्षण व नियमन करतोच, शिवाय हलणाऱ्या व कार्य करणाऱ्या प्रत्येक वस्तूस तो आंतून प्रेरणा देतो, आणि तरीही दुय्यम कारणांच्या कर्तृत्वास अडथळा करीत नाहीं. स्टीफन्स रोमला आले त्या वेळीं हा ग्रंथ निघून नऊ वर्षें झालीं होतीं. व्हॅटिकन येथील पहिल्या महासभेनें १८७० सालीं ईश्वराचें नियमन व अद्‍भुताची शक्यता दोन्ही ठामपणें सांगितलीं. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांतही जीवांचें सहकार्य घेणें हें ईश्वराच्या दुर्बलतेचें नव्हे तर थोरवीचें लक्षण म्हटलें आहे. मधल्या काळांत तोल ढळला नाहीं असें नव्हे. १२७७ सालीं पॅरिसच्या बिशपानें २१९ विधानें निषिद्ध ठरविलीं. त्यांत ईश्वराच्या सामर्थ्यास सृष्टिक्रमाच्या चौकटींत कोंडणारीं कित्येक होतीं. १६१६ सालीं, म्हणजे ख्रिस्तपुराण रायतूरला छापलें गेलें त्याच वर्षीं, रोमच्या ग्रंथनियंत्रक मंडळानें कोपर्निकसच्या ग्रंथावर दुरुस्ती होईपर्यंत बंदी घातली. सृष्टीचा क्रम ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या वर्षीं रोममध्यें ग्रंथाच्या शब्दार्थावरून चुकीच्या रीतीनें सोडविला गेला. पुढें तेथेंच ती चूक मान्य झाली.

अद्‍भुताविषयींचें मतही यावरूनच निघतें. निर्मित सृष्टीच्या एकंदर क्रमापलीकडे ईश्वर जें करतो तें अद्‍भुत. तो क्रम त्यानेंच लावला असल्यामुळें तो त्याचा बांधील नाहीं. पण असें कृत्य म्हणजे स्वतःच्या कायद्याचा भंग नव्हे. लेखक ओळीबाहेर समासांत अक्षर लिहितो म्हणून त्यानें आंखलेल्या ओळी खोट्या ठरत नाहींत. अद्‍भुताला अर्थ येतो तो क्रम खरा आहे म्हणूनच. ज्या जगांत कांहींही केव्हांही होऊं शकतें, त्यांत अद्‍भुत संभवतच नाहीं.

आतां स्टीफन्सकडे वळूं. ही शिकवण त्यांच्या अंगीं किती भिनली होती याचा पुरावा पुराणाहून जुना आहे. गोव्यास उतरल्यावर १५७९ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं वडिलांस पाठविलेलें पत्र हॅक्लूट यांच्या प्रवासवृत्तसंग्रहांत छापलेलें आहे. पूर्व-पश्चिम प्रवासांत नावाड्यास आकाशांत एकही स्थिर खूण मिळत नाहीं, ही अडचण सांगून ते लिहितात कीं, ईश्वरानें या माणसांस दुसरीं साधनें दिलीं आहेत. तीं साधनें कोणतीं? समुद्रावर दिसणारे पक्षी, हवेंतील व पाण्यांतील चिन्हें, होकायंत्राच्या सुईचा ठिकठिकाणीं होणारा फरक, आणि पूर्वीच्या नावाड्यांनीं लिहून ठेविलेले अनुभव. वादळांत आकाशवाणी झाल्याची गोष्ट या यादींत नाहीं. पक्षी आपल्या स्वभावानें उडतो, सुई आपल्या स्वभावानें वळते, नावाडी आपल्या बुद्धीनें टिपण करतो. आणि हें सर्व मिळून ईश्वराचें साहाय्य होतें. दुय्यम कारणांचा सिद्धान्त तरुण स्टीफन्सनें एका साध्या घरगुती पत्रांत असा जगून दाखविला आहे.

पुराणांत तो इतका स्वच्छ उतरला आहे काय? आमच्या मतें नाहीं, आणि दोष कवीपेक्षां प्रकाराचा अधिक आहे. आरंभींच्या नमनांत ईश्वर विश्व भरून राहिलेला आहे आणि सर्वसमर्थ कर्ताही आहे, असे दोन्ही अर्थ शेजारीं शेजारीं येतात. ज्ञानेश्वरींतील मंगलाचरणाची घाटणी घेऊनही आशय बदलण्याचें हें कौशल्य वाखाणण्याजोगें आहे. पण पुराण म्हटलें कीं कथा आली, आणि कथेंत जागा मिळते ती घडलेल्या प्रसंगास. सृष्टीची उत्पत्ति, जलप्रलय, काना गांवच्या लग्नांत पाण्याचा झालेला द्राक्षारस हे प्रसंग रंगतात. रोज उगवणारा सूर्य व दरसाल येणारा पाऊस यांची कथा होत नाहीं. परिणाम असा कीं, सर्व पुराण ऐकून उठलेल्या श्रोत्याच्या मनांत सत्तेचा हुकमतीचा अर्थ ठसतो व अस्तित्वाचा अर्थ नमनापुरता राहतो. अशा श्रोत्यास ख्रिस्ती ईश्वर हा अधिक बलवान देव वाटला, तर त्याचा अपराध नाहीं.

यास त्या काळची राजकीय परिस्थितिही कारण आहे. जुन्या पोथ्या मना केल्या, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां दिलें नाहीं, असा प्रश्न श्रोत्याकडून ग्रंथाच्या आरंभींच विचारविला आहे. पोथ्या मना करणारी सत्ता पोर्तुगीजांची होती. तिच्या छायेंत सांगितलेली ईश्वराची सत्ता हुकमतीच्या रंगानें रंगावी हें अपरिहार्य होतें. संपादकानें ही गोष्ट दडवूं नये. तशीच तेवढ्यावरून ग्रंथांतील सिद्धान्त निव्वळ राजकारण म्हणून निकालांतही काढूं नये. १५७९ चें पत्र त्या दुसऱ्या निष्कर्षाच्या आड येतें.

आतां अहमदनगरचें कारण. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर जर्मन भाषा बोलणारे येशूसंघीय पाद्री या जिल्ह्यांत आले. त्याच सुमारास, १८७९ त, पोप तेरावे लिओ यांनीं थॉमस यांच्या तत्त्वज्ञानाच्या पुनरुज्जीवनाचें आज्ञापत्र काढलें होतें. १९०३ सालीं केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें. १९०७ त ते पुण्याचे बिशप झाले. नेवासें, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या भागांत मराठी बोलणारा कॅथलिक समाज उभा राहिला, आणि १९८७ पासून तो नाशिक धर्मप्रांतांत मोडतो. म्हणजे दिव्याचा दृष्टान्त ज्या भूमींत सांगितला गेला, त्याच भूमींत हुकमतीची व अस्तित्वाची सत्ता एकत्र मानणारी शिकवण मराठींत बोलूं लागली.

आणि या भूमींत हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं. सह्याद्रीच्या पर्जन्यच्छायेंतील हा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरांत मुसळधार, तर पूर्वेकडे ढग येऊन कोरडे निघून जातात. १८९९-१९०० चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ यांच्या आठवणी घरोघर आहेत. पावसासाठीं प्रार्थना करावी कीं नाहीं? सत्ता म्हणजे केवळ सान्निध्य असेल, तर दिव्याजवळ पाऊस मागण्यांत अर्थ नाहीं. सत्ता म्हणजे केवळ हुकमत असेल, तर न पडलेला पाऊस हा रोष ठरतो, आणि विहीर खणणें हा अविश्वास.

रोमन मिस्सा-ग्रंथांत पावसासाठीं एक जुनी लॅटिन प्रार्थना आहे. ती अगदीं आंखूड आहे, पण आमच्या प्रश्नाचें तिच्याइतकें नेमकें उत्तर दुसरीकडे मिळत नाहीं. ज्याच्या ठायीं आपलें जगणें, हालणें व असणें आहे, अशा ईश्वराला ती प्रथम हांक मारते. हे शब्द संत पौलाच्या अथेन्स येथील भाषणांतले. त्यानंतर ती त्याच ईश्वराकडे योग्य तितका पाऊस मागते. पहिल्या अर्ध्यांत सत्ता म्हणजे अस्तित्व, दुसऱ्या अर्ध्यांत सत्ता म्हणजे नियमन. आणि दोहोंमध्यें अंतर नाहीं. थॉमस यांच्या म्हणण्याप्रमाणें प्रार्थनेनें ईश्वराचा संकल्प बदलत नाहीं. बी पेरणें हें जसें पिकाच्या कारणांपैकीं एक कारण, तसें मागणें हेंही ईश्वराच्या योजनेंतील एक कारण असतें. म्हणून पाऊस मागणारानें पाट खणणें थांबवूं नये. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें व ज्ञानेश्वरांच्या प्रवरेचें पाणी कोरड्या रानांत नियमानें गेलें. या शिकवणीप्रमाणें तेंही ईश्वरी सत्तेबाहेर घडलेलें नाहीं, आणि गवंड्याच्या श्रमाचें मोलही त्यानें उणें होत नाहीं.

येथें एका सोप्या निष्कर्षापासून वाचकांस सावध करणें अवश्य आहे. ज्ञानेश्वरी म्हणजे निरिच्छ दिवा व ख्रिस्तपुराण म्हणजे इच्छा करणारा राजा, अशी मांडणी वक्त्यास सोयीची, पण खोटी आहे. ज्या ग्रंथांत दिव्याचा दृष्टान्त आहे, त्याच ग्रंथाच्या शेवटीं पसायदान आहे. आणि पसायदान हें मागणें आहे. विश्वात्मक देवाकडे तेथें दुष्टांच्या मनाचा पालट मागितला आहे. दिव्याजवळ असें कोणी मागत नाहीं. दोन्ही परंपरांना सत्तेचे दोन्ही अर्थ लागले. एकीनें ते माया व भक्ति यांच्या संबंधांतून जुळविले, दुसरीनें निर्माता व निर्मित यांच्या भेदांतून. साम्य गरजेचें आहे, सिद्धान्ताचें नव्हे. हा विवेक न ठेवल्यास ख्रिस्तपुराणांतील संस्कृत शब्द पाहून त्यांत अद्वैत शोधणारा आणि अद्‍भुतकथा पाहून तीस भाबडी पुराणकथा म्हणणारा, असे दोघेही सारखेच चुकतात.

संपादकांसाठीं यांतून निघणारा नियम लहानसा आहे. मार्सडेन प्रतींतील संस्कृत शब्द व रोमन प्रतींतील परकी शब्द यांतून निवड करतांना केवळ छंद व प्राचीनता पाहूं नये. त्या ठिकाणीं सिद्धान्ताला कोणता अर्थ हवा आहे व शब्द कोणता अर्थ बरोबर आणतो, हें तळटीपेंत नोंदवावें. संग्राहकांस विनंति अशी कीं, जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत जुन्या प्रार्थनांच्या, भजनांच्या अथवा धर्मशिक्षणाच्या हस्तलिखित वह्या आढळल्यास, त्या अर्वाचीन म्हणून बाजूस टाकूं नयेत. चारशें वर्षांपूर्वीं साष्टींत उभी राहिलेली शब्दांची अडचण येथल्या उपदेशकांनीं आपल्या परीनें कशी सोडविली, याचा पुरावा अशाच वह्यांत असतो. पाऊस मागतांना त्यांनीं ईश्वरास कोणत्या नांवानें हांक मारली, एवढें जरी उतरून घेतलें, तरी पुष्कळ काम होईल.